निवांत मास्तरांचा रक्तदाब

गाडी शिकवण्याच्या धंद्यात माणूस एक तर तोंडाळ होतो, नाहीतर देवभोळा. मास्तर दोन्ही झाले नाहीत. उभी हयात त्यांनी नवशिक्या चालकांच्या शेजारी बसून काढली. पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, दोन्ही हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी त्यांना हवा खायला बागेत घेऊन निघालंय. समोरून ट्रक येत असो, शिकणाऱ्याने घाबरून डोळे मिटलेले असोत, मास्तरांचा आवाज आपला एका पट्टीत.

"डोळे उघडले की रस्ता दिसतो. उघडून बघा बरं."

म्हणून सगळे त्यांना निवांत मास्तर म्हणत. एकदा एका कापडदुकानदाराने ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबून गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली होती. मास्तरांचा पाय वेळेवर पडला म्हणून काच वाचली. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावलं. कापडवाला स्टिअरिंगला मिठी मारून थरथरत होता. मास्तर खाली उतरले, पायरी पाहिली, चाक पाहिलं आणि म्हणाले, "आलोच आहोत तर केस कापून घेऊ." आणि त्यांनी खरंच केस कापून घेतले. कापडवाल्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं, त्याची हजामतही आपल्या खर्चाने करवली.

हा थंडपणा वडिलांकडून आला, असं ते अभिमानाने सांगत. वडील पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात आवाज चढवला नाही आणि बसल्या खुर्चीत, पेपर वाचता वाचता गेले. पान उलटायला हात उचलला तो उचललाच. "जावं तर असं," असं तेव्हा जो तो म्हणाला होता.

याच्या अगदी उलट मास्तरांचा मेहुणा. तो फळबाजारात लिलाव पुकारायचा. पहाटेपासून केळी आणि संत्र्यांच्या ढिगावर उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचं हाच त्याचा पोटाचा धंदा, आणि घरी आल्यावरही तो धंदा त्याला बंद करता येत नसे. पाणी मागितलं तरी वाटे की बोली लागली आहे. बोलायला लागला की मानेच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहत, चेहरा टोमॅटो होई. साऱ्या नातेवाइकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की घरात कुणाला रक्तदाब होणार असेल तर तो यालाच. मास्तरही त्याला प्रेमाने समजावत.

"अरे, जरा दमानं. अशाने एक दिवस नस फुटेल."

"भावोजी, फुटेल तेव्हा फुटेल, आधी ते मीठ इकडे द्या," मेहुणा गरजायचा.

मीठ मास्तरांपुढेच असे. ताट पुढे आलं की घास तोंडात घालायच्या आधी मिठाची बाटली हलवायची ही त्यांची जुनी सवय. बायकोला या गोष्टीचा मनस्वी राग. निदान चाखून तरी बघा, असं ती लग्न झाल्यापासून सांगत आली होती. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण इथे आवडतीचंही अळणीच, असं ती शेजारणींना सांगे. शिवाय गाडीच्या खणात खाऱ्या शेंगदाण्यांची पिशवी कायम. शिकणारा गिअर शोधत असला की मास्तर शांतपणे एकेक दाणा तोंडात टाकत.

तर असे हे मास्तर परवान्याच्या नूतनीकरणासाठी तब्येतीचा दाखला आणायला गेले.

दाखला देणारी डॉक्टरबाई त्यांची जुनी विद्यार्थिनी. परीक्षेत दोनदा नापास झाली होती, तिसऱ्यांदा मास्तरांनी तिला तारलं होतं. त्यामुळे दाखला म्हणजे सही करून चहा पिण्याचा कार्यक्रम, अशी त्यांची समजूत. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"मास्तर, थोडं जास्त येतंय."

"काय?"

"रक्तदाब. एकशे अठ्ठेचाळीसवर चौऱ्याण्णव."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, मागच्या पेशंटबद्दल चाललंय. मागे भिंत होती.

पहिल्या भेटीत त्यांनी जिन्याला दोष दिला. चढून आलो, म्हणाले. आठवड्याने दुसऱ्यांदा मोजला तेव्हा दवाखान्याच्या वासाला. तिसऱ्या खेपेला पट्ट्यावरच त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांनी एक प्रयोग सुचवला. मेहुण्याला घेऊन आले. याचा मोजा, म्हणजे यंत्राचं खरं-खोटं कळेल. मेहुणा बाजारातून तसाच आला होता, घशाला कोरड, कपाळावर घाम, वाटेत एका रिक्षावाल्याशी भांडून आलेला. खुर्चीत बसला तो खुर्ची करकरली.

त्याचा रक्तदाब एकशे अठरावर शहात्तर निघाला.

"शाळकरी पोराचा असतो तसा आहे," डॉक्टरबाई कौतुकाने म्हणाल्या.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने बाजारात पेरूच्या ढिगावर उभं राहून आधी स्वतःचाच लिलाव पुकारला, "एकशे अठरा! एकशे अठराच्या खाली कोण आहे?" कुणीच नव्हतं. त्या आठवड्यात तो बहिणीकडे तीन वेळा जेवायला आला आणि प्रत्येक वेळी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, जरा दमानं घ्या." मास्तरांनी त्याला हळू बोलताना प्रथमच ऐकलं, आणि त्याच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

डॉक्टरबाईंनी रक्त, लघवी आणि हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितली. मास्तर म्हणाले, मला काही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, जिना चढलो तर धाप लागत नाही. जिन्याची सबब पहिल्याच भेटीत सांगून झाल्याचं त्यांच्या नंतर लक्षात आलं. बाई हसल्या नाहीत. काही होत नाही हीच यातली पंचाईत आहे, एवढंच म्हणाल्या.

तपासण्या आल्या. बायको सोबत होती. बाईंनी सगळे रिपोर्ट पुढ्यात ठेवले आणि सावकाश सांगितलं. किडनीचं काम म्हणजे रक्त गाळणं. ते गाळणं अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांमधून चालतं. रक्त रोज थोडं जास्त जोराने येत राहिलं की त्या झुबक्यांना सोसत नाही, आणि जे प्रथिन आत राहायला हवं ते चिमूटभर लघवीतून बाहेर पडायला लागतं. मास्तरांचं तसं पडत होतं. किडनीचं बाकी काम उत्तम होतं, रक्ताच्या तपासणीत काही दिसत नव्हतं. तीच गत हृदयाची. जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं म्हणून डाव्या बाजूची भिंत किंचित जाड झाली होती.

"जाड म्हणजे मजबूतच ना?" मास्तरांनी विचारलं.

"हमालाचा दंड जाड झाला तर मजबूत. हृदयाची भिंत जाड झाली तर ताठर."

"पण डॉक्टर, मी कधी चिडत नाही."

"चिडण्याचं नाव मी घेतलेलंच नाही, मास्तर. तुम्ही घेताय."

बाई पुढे म्हणाल्या, की हे अगदी सुरुवातीचं आहे, वेळेवर सापडलंय, आत्ता आवरलं तर बरंचसं मागेही फिरतं. मीठ निम्म्यावर आणा, रोज चाला आणि एक गोळी सुरू करू. बायकोने मान डोलावली. मास्तरांनीही डोलावली, पण त्यांच्या कानात फक्त 'चिडणं' हाच शब्द घुमत राहिला. गोळीची चिठ्ठी त्यांनी खिशात घातली आणि औषधाच्या दुकानावरून सरळ पुढे गेले.

त्यांना अपमान वाटला होता. इतकी वर्षं लोकांनी मारलेल्या धडका गिळल्या, दिव्याचे खांब गिळले, एका बाईने गाडी उलटी चालवत कारंज्यात नेली तेही गिळलं, आणि त्याचं फळ हे? ओरडणारा मेहुणा ठणठणीत आणि गप्प बसणाऱ्याच्या किडनीला गळती. कुंपणानेच शेत खाल्लं. मग न्हाव्याने दाढी करता करता त्यांच्या डोक्यात एक किडा सोडला. मास्तर, तुम्ही राग आत कोंडता, तोच आत दाब धरतो, बाहेर काढा की झालं मोकळं. न्हाव्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वस्तरा गळ्यावर असताना कुणाचंही म्हणणं पटतं.

मास्तरांनी चिडायचं ठरवलं.

ठरवून चिडणं किती अवघड असतं हे त्यांना तेव्हा कळलं. सवय नाही. शब्द नाहीत. पहिला बळी ठरला बँकेतला एक तरुण कारकून. त्याने वळताना दिवा लावला नाही. एरवी मास्तर म्हणाले असते, मागच्याला आपल्या मनातलं कसं कळणार? त्या दिवशी त्यांनी घसा खाकरला, मूठ आवळली आणि ओरडले, "आपण दिवा न लावल्याबद्दल मी अत्यंत नाराज आहे." कारकुनाला वाटलं मास्तरांना काहीतरी झटका आला. त्याने गाडी बाजूला घेऊन पाणी आणलं. गाडी बाजूला घेताना दिवा मात्र लावला.

दुसरा प्रयोग हेडबाईंवर झाला. या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शाळेच्या बसने हिंडल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. चौकात त्यांनी लाल दिव्याकडे दुर्लक्ष केलं, कारण तो दिवा आपल्यासाठी नसावा असा त्यांचा ग्रह. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि मनाचा हिय्या करून गर्जना केली. लाल दिवा, आरसा, क्लच, मागच्या आठवड्यातला खांब, सगळं एकदम बाहेर आलं आणि शेवटी आवाज फाटून किरकिरा झाला.

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मास्तर, तुम्हाला रागावता येत नाही."

"येईल हळूहळू," मास्तर ओशाळून म्हणाले.

"आवाज घशातून काढू नका, पोटातून काढा. आणि एका वेळी एकाच चुकीबद्दल बोलायचं. चार चुका एकदम काढल्या की पोरांना वाटतं, यांचं घरी भांडण झालंय. हं, पुन्हा करा. लाल दिव्यावरनं."

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. हेडबाईंनी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि काठावर पास केलं. त्यानंतर गाडी चालवायचा तास संपला की रागवायचा तास सुरू व्हायचा.

घरी मात्र डाव उलटला. संध्याकाळी मास्तरांनी ओल्या टॉवेलचं निमित्त करून बायकोवर आवाज चढवला, चांगला पोटातून. बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नाही म्हटल्यावर तिने कारण विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"असं होय? मग माझंही थोडं साठलंय."

तिचं थोडं बराच वेळ चाललं. त्यात मिठाची बाटली होती, लग्नात न बोललेली एक गोष्ट होती, बोलायच्या वेळी गप्प बसून तिला सगळ्यांशी भांडायला पुढे करणं होतं. तुमच्या निवांतपणाचं कौतुक गावाला, आणि दूधवाल्याशी, घरमालकाशी, तुमच्या भावकीशी कजाग कोण, तर मी, असं ती म्हणाली. मास्तर ऐकत राहिले. यातलं बरंचसं खरं होतं. शेवटी ती उठली, हलकी होऊन स्वयंपाकघरात गेली आणि गुणगुणायला लागली. मास्तर तिथेच बसून राहिले, टॉवेल हातात धरून.

असे काही आठवडे गेले. बँकेच्या कारकुनाने दुसरा शिकवणारा गाठला. मास्तरांना 'तापट मास्तर' म्हणायला कुणी तयार होईना, पण 'मास्तरांचं काहीतरी बिनसलंय' असं मात्र झालं. दाखल्यासाठी पुन्हा डॉक्टरबाईंकडे जावंच लागलं. रक्तदाब जिथल्या तिथे, किंबहुना दोन काटे वर. मास्तरांनी राग बाहेर काढण्याचा सगळा उद्योग सांगितला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, फक्त मध्ये एकदा पेन उचलायला टेबलाखाली वाकल्या आणि जरा उशिराने वर आल्या.

वाद घालण्याऐवजी त्यांनी मास्तरांच्या दंडाला एक पट्टा बांधला आणि कमरेला एक डबी. दिवस-रात्र हे लावून ठेवा, म्हणाल्या. पट्टा थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगेल, दाब मोजून ठेवेल. फुगला की हात सैल सोडून स्वस्थ राहायचं. मोजणीच्या वेळी काय करत होता ते मात्र ध्यानात ठेवा.

बायकोने ध्यानात ठेवण्याचं काम आपल्याकडे घेतलं, कारण मास्तरांच्या ध्यानावर तिचा भरवसा नव्हता. म्हणून त्या दिवशी ती गाडीत मागे बसली. गाडी हेडबाई चालवत होत्या. गोल चौकात त्या शिरल्या आणि बाहेर पडायचा रस्ता न सापडल्याने गोल गोल फिरू लागल्या. तेवढ्यात डबीने घुर्रर्र केलं आणि पट्टा फुगायला लागला. मास्तर हात सोडून पुतळ्यासारखे बसले.

"मास्तर, कुठून बाहेर पडू?"

मास्तर गप्प.

"मास्तर, बोला की!"

मागून बायको म्हणाली, की ते आत्ता मोजतायत, तुम्ही फिरत राहा. हेडबाई फिरत राहिल्या. एक दूधगाडी आडवी आली, हेडबाईंनी तिला शाळेतल्या पोराला द्यावी तशी नजर दिली आणि दूधगाडीच थांबली. मास्तरांचा पाय फक्त ब्रेकवर गेला, बाकी सगळा देह निश्चल. पट्ट्याने सुस्कारा सोडला तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता डावीकडे."

दुपारी झोपेत मोजणी झाली. संध्याकाळी मेहुणा येऊन कानाशी ओरडत असताना झाली. शेंगदाणे खाताना झाली. पहाटे कूस बदलताना झाली.

डॉक्टरबाईंनी डबी उघडून सगळे आकडे पाहिले आणि मास्तरांना दाखवले. दूधगाडी, दुपारची झोप, मेहुणा, शेंगदाणे. आकडे थोडे खाली-वर होते, पण सगळे चढेच. रात्री झोपेत रक्तदाब बऱ्यापैकी उतरायला हवा, तोही उतरला नव्हता.

"माणूस चिडला तर तेवढ्यापुरता वाढतो, नंतर उतरतो," बाई म्हणाल्या. "तुमचा तसा नाही. तुम्ही शांत असा की ओरडा, तुमचा रक्तदाब तुमच्याकडे लक्षच देत नाही."

मास्तरांना हे फार लागलं. इतक्या वर्षांच्या निवांतपणाची आपल्याच शरीरात कुणी दखल घेऊ नये? ते आकड्यांवरून बोट फिरवत गेले. दुपारच्या झोपेच्या आकड्यावर ते थांबलं. खुर्चीतच डोळा लागला होता त्यांचा. मांडीवर पेपर होता.

"आमचे वडील असेच गेले," ते म्हणाले. "खुर्चीत. माझ्याहून लहान होते तेव्हा."

"त्यांचा रक्तदाब कधी मोजला होता?"

मास्तरांनी मान हलवली. इतक्या शांत माणसाचा रक्तदाब मोजायचं कुणाच्या डोक्यात तरी कसं येणार? बाई म्हणाल्या, त्यांचं काय झालं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी सांगणारही नाही. पण हे पुष्कळदा घराण्यातून येतं. मास्तरांच्या बायकोने हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून गोळीची चिठ्ठी काढली. ती इतके दिवस खिशात राहून कपड्यांबरोबर एकदा धुतलीही गेली होती. बाईंनी नवी लिहून दिली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी पहिली गोळी घेतली. मिठाची बाटली बायकोने स्वतःहून उचलली नाही. तिने ती तिथेच ठेवली आणि बघत राहिली. मास्तरांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि तिच्या हातची भाजी लग्नानंतर पहिल्यांदा चाखून पाहिली.

"मीठ आहे की यात," ते आश्चर्याने म्हणाले.

"होतंच," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, की कांद्यामुळे तसं झालं होतं, हे मास्तरांना कळलं नाही.

पुढे तिने तेही मीठ कमी केलं. पहिले पंधरा-वीस दिवस मास्तरांना सगळं जेवण ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. मेहुणा जेवायला आला, एक घास घेतला आणि घरात कोण आजारी आहे असं त्याने सबंध इमारतीला विचारलं. मग सांगितलं, की मीही आजपासून असंच खाणार, भावोजींना एकटं पडू देणार नाही. तो निश्चय भात येईपर्यंत टिकला. पण रोज सकाळी लिलाव आटोपला की तो मास्तरांबरोबर चालायला येऊ लागला, आणि इतका बोलायचा की रस्ता कधी संपला ते मास्तरांना कळायचं नाही.

गोळीने रक्तदाब उतरला, पण मास्तरांना कोरडा खोकला लागला. खोकला म्हणजे थांबा, अशी हेडबाईंनी आपली समजूत करून घेतली. मास्तर खोकले की हेडबाई करकचून ब्रेक मारत, त्या धक्क्याने मास्तरांना पुन्हा खोकला येई, आणि गाडी बाजारपेठेतून बेडकासारखी उड्या मारत जाई. मास्तरांना वाटलं, औषधच बंद करावं. बायको म्हणाली, आधी विचारा. डॉक्टरबाई म्हणाल्या, या गोळीने काहींना असा खोकला होतो, आपण दुसरी देऊ. दुसरीने खोकला गेला. हेडबाईंची मात्र पंचाईत झाली, कारण आता थांबायचं कधी हे त्यांना रस्त्याकडे बघून ठरवावं लागलं. तशातच त्या परीक्षा पास झाल्या. परीक्षा घेणारा अधिकारी त्यांच्याच शाळेत शिकलेला निघाला आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत हाताची घडी घालून बसला होता, असं म्हणतात.

रागवायचे तास बंद पडले. पण एक झालं. घरमालक गळक्या टाकीबद्दल पुन्हा टोलवाटोलवी करायला लागला तेव्हा बायकोने पदर खोचायच्या आत मास्तर पुढे झाले आणि बोलले. एकाच विषयावर, पोटातून. टाकी दुरुस्त झाली. बायको दिवसभर त्यांच्याकडे चोरून बघत होती.

काही महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली. प्रथिन जवळजवळ थांबलं होतं. हृदयाची भिंत वर्षाने पाहिली, ती पहिल्यापेक्षा अंमळ पातळ. दाखला केव्हाच मिळाला होता. मास्तरांनी गोळी आता सोडू का असं विचारलं, तेव्हा बाईंनी त्यांनाच विचारलं, की रस्ता मोकळा दिसला म्हणून तुम्ही ब्रेक काढून ठेवायला सांगता का? मास्तरांना हे वाक्य आवडलं नाही, कारण ते त्यांनी म्हणायला हवं होतं.

तेव्हाच बाईंनी विचारलं, की घरात आणखी कोण कोण आहे? मास्तरांना एक थोरली बहीण होती. पलीकडच्या वस्तीत शिवणक्लास चालवायची. मास्तर निवांत, तर ताई त्यांच्या दुप्पट. एकदा क्लासमध्ये मशीनला आग लागली तेव्हा हातातली बाही पूर्ण शिवूनच ती उठली होती. तिला दवाखान्यात आणायला मास्तरांना बरेच दिवस लागले. मला काय झालंय, आणि मी कधी चिडते तरी का, हे तिचं पालुपद. मास्तर समजूत घालत राहिले आणि स्वतःचे जुने शब्द तिच्या तोंडून ऐकत राहिले.

शेवटी आली. गळ्यात मोजपट्टी तशीच. डॉक्टरबाईंनी पट्टा फुगवला, सोडला, भुवया वर केल्या. मास्तरांचा होता त्याहून बराच जास्त होता.

ताईने पट्टा निरखून पाहिला. शिवण उसवलीय का हे बोटाने चाचपलं आणि गोड आवाजात म्हणाली, "यंत्र बिघडलं असेल तर राहू दे गं, मी नंतर येते."

मास्तरांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"बस ताई," ते म्हणाले. "दुसरी बाही वर कर. त्या हातावर बघू."